हिशेबाच्या गोष्टी : जिंकणारा संघ बंद का पडतो?

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. वही-पेन्सिल बाजूला ठेवा, नुसता विचार करा.

मुंबईत फुटबॉलचा एक संघ होता. २००५ साली त्यानं फेडरेशन कप जिंकला. त्याच मोसमात, म्हणजे २००५-०६ मध्ये, राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. तेव्हाची ती देशातली सगळ्यात मोठी लीग. २००८ साली ड्युरँड कप पटकावला. आणि २०१० साली हा संघ चक्क बंद झाला! मालकाचं दिवाळं निघालं म्हणून? छे! मालक एवढा मोठा, की त्याचे ट्रॅक्टर हिंगणघाटच्या रस्त्यानं कापूस नेताना तुम्ही रोज पाहता. बरोबर ओळखलंत, महिंद्रा. संघाचं नाव महिंद्रा युनायटेड.

मग बंद का केला? हे कोडं मी माझ्या वर्गात घातलं. एकजण म्हणाला, "मालक कंटाळला असंन जी." दुसरा म्हणाला, "पैसे सरले असतीन." मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "पण सर, जिंकल्यावर तर पैसे भेटतेत नं?"

शाब्बास! खरा प्रश्न हाच. जिंकल्यावर पैसे मिळतात. पण किती? आणि जिंकायला लागतात किती?

आता घ्या वही. आधी आपल्या गावचा हिशेब करू, मग मुंबईचा. समजा, तुमच्या गावच्या क्लबनं दिवाळीच्या सुट्टीत फुटबॉलचे सामने भरवले. १६ संघ आले. प्रत्येकी ५०० रुपये प्रवेश फी, म्हणजे ८,००० रुपये. घरोघरी फिरून वर्गणी जमली १२,०००. एकूण जमा २०,०००. छान! आता खर्च लिहा. पहिलं बक्षीस ११,००१, दुसरं ७,००१. (तो वरचा एक रुपया विसरू नका, हिशेब चुकेल.) चार चेंडू ३,२००. चुन्याची फक्की, दोऱ्या आणि जाळ्या २,५००. पंचांचं मानधन ४,०००. मंडप आणि लाऊडस्पीकर ६,०००. पाणी आणि चहा-नाश्ता ३,०००. करा बेरीज. ३६,७०२ आली ना? जमा २०,०००. तूट १६,७०२ रुपये.

तुम्ही म्हणाल, तिकीट लावा. पण बंधाऱ्याजवळच्या मोकळ्या मैदानाला दार कुठे असतं? सामने तर दरवर्षी होतात. मग ही तूट भरतं कोण? भरणारा असतोच कोणीतरी. गावचा कृषी केंद्रवाला म्हणतो, "पहिलं बक्षीस माझ्याकडून, फक्त मैदानात माझा बॅनर लावा." राहिले ५,७०१. तेवढ्यात एक काका पुढे येतात. "बाकीचं मी पाहतो. बक्षीस माझ्या हातून द्या म्हणजे झालं." काका पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभे राहणार असतात! आणि कधी कधी असाही एखादा भेटतो, जो स्वतः तरुणपणी गोलकीपर होता. तो गुपचूप पैसे देतो आणि बॅनरही मागत नाही. तुमच्या गावात या तिघांपैकी कोण आहे, ते तुम्हीच शोधा.

मोठ्या क्लबचंही असंच असतं, फक्त आकडे मोठे. इंडियन सुपर लीगचा २०२१-२२ चा मोसम घ्या. लीगमध्ये पहिला येणाऱ्या संघाला शील्ड आणि साडेतीन कोटी रुपये. पुढे बाद फेरी आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याला सहा कोटी. समजा, एकाच संघानं दोन्ही जिंकलं, तर साडेनऊ कोटी. आणि त्याच मोसमात एका संघानं खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, याची मर्यादा होती साडेसोळा कोटी! हे फक्त पगार. प्रशिक्षक, विमानं, हॉटेलं, मैदानाचं भाडं, डॉक्टर, लीगची वार्षिक फी, हे सगळं वेगळं. सगळं जिंकूनही पगार निघत नाही. शिवाय सगळं जिंकतो एकच, बाकीच्यांचं काय?

मग तिकिटं? मुंबई सिटी एफसी हा संघ अंधेरीच्या ज्या मैदानावर खेळतो, तिथं आठ हजारही माणसं बसत नाहीत. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात साठ हजारांहून जास्त बसतात. म्हणजे गावागावांत फरक आहेच. पण आपल्या देशात नुसत्या तिकिटांवर संघ चालवणं कठीण. परदेशातले मोठे क्लब मुख्यतः तीन झऱ्यांवर जगतात : टीव्हीवाल्यांचे पैसे, जाहिरातदारांचे पैसे आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर मिळणारे पैसे. आपल्याकडे हे झरे उन्हाळ्यातल्या नाल्यासारखे. तूट उरते, आणि ती मालक भरतो.

का भरतो बरं? आपल्या विदर्भातल्या मुलांना हे पटकन कळेल. शंकरपट पाहिलाय ना? पटाची जोडी पाळणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, "काका, या बैलांनी वखर किती हाकला?" तो हसेल. पटाचे बैल वखराला जुंपत नाहीत. त्यांना खुराक जास्त, मालिश रोज, आणि काम सेकंदांचं. हिशेबाच्या वहीत ती जोडी तोट्यातच. पण पंचक्रोशीत जेव्हा लोक म्हणतात, "अरे, ही अमक्याची जोडी!" तेव्हा मालकाला जे मिळतं, ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं? मला तरी असा रकाना ठाऊक नाही. मालकाच्या मनात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. पण पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कधी थांबतो, हे दिसतं. मी तुम्हाला सांगेन की मनाचे अंदाज बांधू नका, पैशाची वाट पाहा, म्हणजे वाट बघत बसू नका, तिच्यावर नजर ठेवा!

गोव्याचंच बघा. तिथं फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. धेंपो आणि साळगावकर हे तिथले नामांकित क्लब, आणि दोन्ही घराणी खाणींच्या व्यवसायातली. खाणीतून लोहखनिज बोटींनी परदेशी जायचं आणि त्या कमाईतला एक झरा फुटबॉलच्या मैदानाकडे वळायचा. धेंपो क्लबनं २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशातली पहिल्या क्रमांकाची लीग जिंकली. साळगावकरनं १९९८-९९ मध्ये आणि पुन्हा २०१०-११ मध्ये. मात्र २००९ साली धेंपोंनी आपला खाणींचा धंदा सेसा गोवा कंपनीला विकून टाकला होता, १,७५० कोटी रुपयांना. तरी क्लब चालूच राहिला, त्यानंतरही दोनदा जिंकला! म्हणजे खाण गेली की लगेच क्लब गेला, इतकं सरळ गणित नाही. २०१२ साली गोव्यातल्या सगळ्याच खाणी बंद झाल्या. आणि २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. त्यांनी दिलेलं कारण वेगळं होतं. फुटबॉल महासंघ नव्या इंडियन सुपर लीगला वरचं स्थान देऊन आय-लीगला खाली ढकलणार होता. त्या बेतात जिंकून वर चढायला जिना नव्हता. क्लबांचं म्हणणं असं, की वर्गात पहिला आलो तरी वरच्या वर्गात घेणार नसाल, तर आम्ही खर्च कशासाठी करायचा? मला विचाराल तर हे म्हणणं खरंच होतं. तोटा सोसणाऱ्याला निदान आशा तरी हवी. धेंपोचा संघ मात्र आठ वर्षांनी, २०२४-२५ च्या मोसमात, पुन्हा आय-लीगमध्ये उतरला. तेवढी वाट पाहायला हौसच लागते, नुसत्या जाहिरातीसाठी कोणी एवढं थांबत नाही.

महाराष्ट्रातली यादी मात्र वाचवत नाही. महिंद्रा २०१० साली गेला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देऊ, असं कंपनीनं तेव्हा सांगितलं. अशोक पिरामल गटाचा पुणे एफसी २००७ साली आला, २०१५ साली मैदानाबाहेर गेला. त्याची अकादमी एफसी पुणे सिटी या सुपर लीगच्या क्लबनं घेतली. तो क्लबही २०१९ साली बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. मुंबई एफसी २००७ ते २०१७. कंपनीच्या दृष्टीनं संघ म्हणजे जाहिरातीचा एक खर्च. दुसरीकडे जाहिरात बरी वाटली, की हा खर्च खोडला जातो. त्यात लबाडी नाही, बरं का. पैसे त्यांचे आहेत. पण मैदानाची निगा राखणारा माळी, मसाज करणारा, चौदा वर्षांच्या मुलांचा प्रशिक्षक, यांच्या घरची वही त्याच एका ओळीवर चालत असते.

आता मुंबई सिटी. सिनेनट रणबीर कपूर या संघाच्या मालकांपैकी एक. २०१९ साली सिटी फुटबॉल ग्रुपनं या क्लबचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. हा गट इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचा मालक. न्यूयॉर्क, मेलबर्न, स्पेनमधलं हिरोना, अशा कितीतरी ठिकाणी त्याचे क्लब. यांचा हेतू काय? भारतात माणसं खूप, फुटबॉल वाढला तर क्लबची किंमत वाढेल. रस्ता होणार असं ऐकून आधीच प्लॉट घेऊन ठेवतात ना, तसं! संघ खेळलाही झकास. २०२०-२१ मध्ये शील्ड आणि करंडक दोन्ही, २०२२-२३ मध्ये शील्ड, २०२३-२४ मध्ये करंडक.

पण रस्ता झालाच नाही तर? २०१० साली महासंघानं रिलायन्सच्या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. तो २०२५ च्या डिसेंबरात संपणार होता. पुढचं काही ठरेना, म्हणून जुलैत लीगच थांबवली. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं मोठ्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार थांबवत असल्याचं जाहीर केलं. (मुलांचे संघ आणि अकादमी चालू ठेवू, असंही सांगितलं. ही गोष्ट मला आवडली.) आणि डिसेंबरात सिटी ग्रुपनं मुंबईचा आपला हिस्सा सोडला. क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे आला.

मग मालकच नको, असं करता येईल का? येतं की! स्पेनचा बार्सिलोना क्लब लाखाहून अधिक सभासदांचा आहे. तेच मत देऊन अध्यक्ष निवडतात, आपल्या दूध संस्थेसारखं. जर्मनीत तर नियमच आहे, की बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती हवीत. पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. सभासदांचा असूनही बार्सिलोनावर २०२१ साली १३५ कोटी युरोंचं कर्ज होतं. सभासदांनाही मोठमोठे खेळाडू हवेच असतात ना!

पालकांसाठी दोन शब्द. एखाद्या अकादमीत मुलाला घालताना आपण मैदान पाहतो, बूट पाहतो, ट्रॉफ्यांचं कपाट पाहतो. सोबत हेही विचारा : तूट कोण भरतं? किती वर्षांसाठी कबूल केलंय? उद्या मोठा संघ बंद झाला तर मुलांचा संघ चालेल का, आणि मुलाच्या शाळेचं काय? विचारायला संकोच वाटतो, ठाऊक आहे. पण चांगला चालक रागावणार नाही. रागावला तर तेही एक उत्तरच समजा.

आणि आता तुमचा गृहपाठ. गावातल्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराकडे जा. फुटबॉल, कबड्डी, भजनी मंडळ, काहीही चालेल. नमस्कार करा आणि विचारा, "काका, मागच्या वर्षीची वही पाहू का?" जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला लिहा आणि तूट कोणी भरली ते शोधा. नावं लिहू नका, फक्त "दुकानदार", "पुढारी", "जुना खेळाडू" असं लिहा. हिशेब मला पाठवा, निवडक हिशेब पुढच्या एखाद्या अंकात घेऊ. बेरजा तपासूनच पाठवा हं, त्या वरच्या एक रुपयासकट!