सुपेल्याचा ओला कचरा, दिल्लीचे उद्दिष्ट

भिलाईतील सुपेल्याच्या आकाशगंगा भाजी मंडईत घाऊक व्यवहार आटोपला की मागे उरतात कोबीची पाने, सडके टोमॅटो आणि त्यांत मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. शासकीय भाषेत या ढिगाला आता 'कच्चा माल' म्हटले जाते. 2024 मध्ये भारत पेट्रोलियम, छत्तीसगड जैवइंधन विकास प्राधिकरण आणि भिलाई महापालिका यांच्यात कचऱ्यापासून बायो-सीएनजी निर्माण करण्याचा करार झाला. प्रकल्पासाठी निवडलेले जामुल सुपेल्यापासून जवळच आहे.

छत्तीसगडला अशा घोषणा नव्या नाहीत. रमणसिंह यांच्या कारकिर्दीत मोगली एरंडाच्या बियांतून डिझेल मिळणार होते; इंधन आखातातून नव्हे, परसातून येईल, असे सांगितले गेले. बियांचे उत्पन्नच अपेक्षेइतके आले नाही. भूपेश बघेल सरकारने 20 जुलै 2020 रोजी, हरेलीच्या सणाला, 2 रुपये किलोने शेणखरेदी सुरू केली. पुढील वर्षी शेणापासून वीजही तयार करून दाखविली. 2023 मधील सत्तांतरानंतर ती योजना मागे पडली. प्रत्येक राजवटीचे इंधन निराळे!

यावेळी पाया तुलनेने भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. भांडवल तेल कंपनीचे आहे आणि ग्राहक कायद्याने बांधलेला आहे. शहर वायू वितरकांना 2025-26 पासून 1 टक्का जैववायू मिसळणे बंधनकारक झाले असून 2028-29 पर्यंत हे प्रमाण 5 टक्क्यांवर जाणार आहे. तथापि, खरेदीची हमी म्हणजे उत्पादन नव्हे. 2018 च्या 'सतत' योजनेत 2023-24 पर्यंत 5,000 प्रकल्पांचे उद्दिष्ट होते. मुदत संपली तेव्हा सुरू झालेल्या प्रकल्पांनी शंभरीही गाठली नव्हती.

खरी मेख वर्गीकरणात आहे. जैववायूच्या टाकीतील जिवाणूंना रोज ठरावीक प्रमाणात स्वच्छ ओला कचरा लागतो. प्लॅस्टिक आणि माती आत गेली की यंत्रणा तुंबते. इंदूरचा दैनंदिन 550 टनांचा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला, पण त्याआधी काही वर्षे तेथील घराघरांत कचरा वेगळा करण्याची शिस्त रुजविली गेली होती. फार लांब कशाला, छत्तीसगडमध्येच अंबिकापूरच्या महिला बचतगटांनी हे काम करून दाखविले आहे. भिलाईत मात्र करारातील सर्वांत अवघड जबाबदारी त्रिकुटातील सर्वांत दुर्बल घटकावर, म्हणजे महापालिकेवर, येऊन पडते. केंद्र टक्केवारी ठरवू शकते; सुपेल्याच्या गाळेधारकाच्या हाती दुसरी टोपली देणे संसदेच्या आवाक्यातले नाही.

दुसरे टोकही मोकळेच आहे. वायू काढून घेतल्यावर उरणारे सेंद्रिय खत शेतात गेले तरच चक्र पूर्ण होते. केंद्राने त्यासाठी 2023 मध्ये टनाला 1,500 रुपयांचे विपणन साहाय्य मंजूर केले. परंतु अनुदानित युरियाची गोणी सोसायटीत सहज मिळत असताना दुर्गचा धानउत्पादक हे खत का उचलेल? शिवाय त्याला खत लागते ते हंगामात आणि प्रकल्पातून ते बाहेर पडते वर्षभर, दररोज.