हाक मारायची कशी?

वरळीच्या बीडीडी चाळीत रात्री कुणाच्या छातीत दुखू लागले, तर दार उघडून एक हाक पुरे होती. १६० चौरस फुटांच्या खोल्या, समोरासमोर दारे. चार जण धावत येत. ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शौचालय घरात आले, जागा वाढली. हे हवेच होते. पण बंद दाराबाहेर हाक जात नाही. मुले कामावर गेली की वयस्कर माणसाला आधार उरतो तो फोनचा, आणि नेमका तोच त्याचे ऐकत नाही.

‘आजोबांना फोन जमत नाही’ असे घरोघरी म्हटले जाते. दोष आजोबांचा नाही. फोनचा पडदा बोटातून होणारा सूक्ष्म विद्युत बदल ओळखतो. वयानुसार त्वचा कोरडी होते आणि बोट टेकवूनही पडद्याला ते नीट कळत नाही. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर किती दाबले याचा अंदाज येत नाही. बोट जरा जास्त रेंगाळले की फोन वेगळाच हुकूम समजतो. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत उजेडही तरुणपणापेक्षा खूप कमी पोचतो. तिथे पांढऱ्यावर राखाडी अक्षरे वाचणार कोण? कानही आधी बारीक, उंच आवाज गमावतात. फोनची किणकिण त्याच सुरात असली, तर रुग्णालयाचा फोन वाजूनही ऐकू येत नाही. मग तपासणीची तारीख चुकते, औषध बदलल्याचा निरोप तसाच राहतो.

३ एप्रिल १९७३ रोजी हातातल्या मोबाइलवरून जगातला पहिला कॉल करणाऱ्या मार्टिन कूपर यांनी पुढे पत्नी आर्लीन हॅरिस यांच्यासह ज्येष्ठांसाठी मोठ्या बटणांचा साधा फोन बाजारात आणला. मोबाइलच्या जनकालाच तशी गरज वाटली, यात सारे आले.

आपल्याकडे २०१६ च्या नियमाने प्रत्येक फोनला संकटकाळची कळ सक्तीची केली. साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. नियम चांगला. प्रत्यक्षात कुठे तीनदा, कुठे पाचदा दाबावे लागते आणि कुठे ही सोय आधी सेटिंगमध्ये सुरू करावी लागते. घाम फुटलेल्या माणसाने हे आठवायचे? सर्व कंपन्यांना एकच पद्धत बांधून द्यायला हवी. रुग्णालयांनीही केसपेपरसाठी ओटीपीचा हट्ट न धरता कागदाची खिडकी उघडी ठेवावी आणि ज्येष्ठांना लिंक पाठवण्याऐवजी सरळ फोन करावा.

तोवर नातवंडांनी रविवारची अर्धी दुपार द्यावी. अक्षरे मोठी करावीत, वाजण्याचा सूर खर्जातला निवडावा, मुलगी, शेजारी आणि १०८ एवढेच पहिल्या पानावर ठेवावे. रक्तगट आणि चालू औषधे लॉक न उघडता दिसतील अशी भरावीत. संकटाची कळ कशी चालते ते सेटिंगमध्ये बघून समजावावे. ती दाबून बघू नये, कॉल खरोखरच लागतो. आणि घरात जुना बटणांचा फोन चालू स्थितीत असेल, तर तो भंगारात देऊ नये.