सीमा न ओलांडणारे स्थलांतरित

दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी उरकते, नागली-वरई कणगीत पडते आणि जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पाडे रिकामे होऊ लागतात. म्हातारी माणसे आणि आश्रमशाळेत घातलेली काही मुले तेवढी मागे राहतात. बाकीची कुटुंबे भांडीकुंडी, कोंबड्या व तान्ही मुले घेऊन वाडा, भिवंडी, कल्याण, वसई येथील वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, खाडीतल्या रेतीवर जातात. शिमग्याला दोन-चार दिवस गावी येतात आणि परततात ती मृगाच्या तोंडावर. हा क्रम इतका जुना आहे की त्याचे कोणाला आश्चर्य उरलेले नाही. आश्चर्य वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. वर्षाचा निम्मा काळ घराबाहेर काढणारा हा मजूर देशाच्या कामगार कायद्याच्या लेखी स्थलांतरित नाहीच.

१९७९ साली संसदेने स्थलांतरित मजुरांसाठी कायदा केला तो आंतरराज्य मजुरांसाठी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्या जाणाऱ्या मजुराची नोंद व्हावी, ठेकेदाराकडे परवाना असावा, मजुराला प्रवासभत्ता मिळावा, अशा त्यातील तरतुदी होत्या. त्यांची अंमलबजावणी कशी झाली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु निदान कागदावर त्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांमध्ये तो कायदा विलीन झाला. पूर्वी पाच स्थलांतरित मजूर असलेल्या आस्थापनेला तो लागू होई, आता ही मर्यादा दहावर गेली. व्याख्या मात्र आंतरराज्यच राहिली. मोखाड्याचा मजूर भिवंडीला जातो तेव्हा राज्याची सीमा ओलांडत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तर तो ठाणे जिल्ह्याचीही सीमा ओलांडत नसे, आणि वसईला जाणारा आजही जिल्ह्याबाहेर पडत नाही. घाट उतरून सत्तर-ऐंशी किलोमीटर गेलेल्या या माणसाला कायद्याने शेजारच्या आळीत गेलेल्या माणसासारखे मानले आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये मराकेश येथे स्थलांतरासंबंधीचा जागतिक करार स्वीकारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्येही सुरक्षित व सुव्यवस्थित स्थलांतराचा उल्लेख आहे. जगभरच्या तरुणांच्या संघटना या दोन दस्तऐवजांचा आधार घेऊन आपापल्या सरकारांना जाब विचारत आहेत, हे स्वागतार्हच होय. पण तेथेही चर्चा मुख्यतः देशांच्या सीमा ओलांडणाऱ्यांची. सीमा न ओलांडता उपरा झालेल्या माणसाचा प्रश्न ज्याचा त्याने आपल्या तालुक्यातच सोडवावा लागणार.

तो सोडवण्याचा प्रयत्न जव्हार-मोखाड्यात चालू आहे आणि त्यात तरुण पुढे आहेत. जव्हारमध्ये ‘वयम्’ चळवळीने वनहक्क, पेसा व रोजगार हमी यांचे कायदे गावकऱ्यांना समजावून देण्याचे आणि त्यांच्याच हातून ते राबवून घेण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. अशा बिगरपक्षीय कामाविषयी समाजवादी कार्यकर्त्यांच्या मनात शंका असतात; त्यातल्या काही रास्तही असतील. परंतु बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेला आदिवासी मुलगा किंवा मुलगी पंचायत समितीच्या कचेरीत कायद्याचे कलम दाखवून बोलते, तेव्हा कचेरीतील हवा बदलते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या कचेरीतील एका लहानशा कागदाचा येथे विचार करण्यासारखा आहे. रोजगार हमीचे काम मागणाऱ्याला त्याच्या अर्जाची तारीखवार पोच मिळाली पाहिजे, असे २००५ च्या केंद्रीय कायद्याने ठरवले होते. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता देणे सरकारवर बंधनकारक होते. म्हणजे सारा हक्क त्या पोचेवर उभा. म्हणूनच पोच देण्याची टाळाटाळ होत आली. काम तोंडी मागा, यादी नंतर करू, ग्रामसेवक बैठकीला गेले आहेत, ही उत्तरे त्या टाळाटाळीचीच रूपे. पोच नाही म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणजे बेकारी नाही. आणि वर अहवालात लिहायला मोकळे की या भागात कामाला मजूरच मिळत नाहीत. अर्ज लेखी देऊन पोच घेतल्याशिवाय न हलणारे वीस तरुण एखाद्या गावात असले, तर हे सगळे गणित उलटते. क्रांतीच्या मानाने ही गोष्ट फार लहान दिसते. परंतु महाराष्ट्रात १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झालेला रोजगार हमीचा कायदा, ज्याची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली आणि ज्याच्या अंमलबजावणीसाठी समाजवाद्यांनी दुष्काळी गावांतून मोर्चे काढले, तो अखेर या पोचेवरच जिवंत राहतो किंवा मरतो.

मग पोच मिळाली, काम निघाले, तरी मजूर भट्टीवर का जातो? याचे उत्तर सोपे आहे आणि ते सरकारला ठाऊकही आहे. शेठ पैसे आधी देतो, सरकार नंतर देते. तेही किती दिवसांनी, याचा भरवसा नाही. पावसाळ्यात घरातील धान्य संपते, आजारपण येते, लग्न ठरते. अशा वेळी मुकादम दारात येऊन बयाणा ठेवून जातो. दिवाळीनंतर त्या बयाण्याच्या बदल्यात नवरा-बायको व हाताशी आलेली मुले विटा थापतात. आठवड्याला खर्ची मिळते, तिच्यातून तेल-मीठ-तांदूळ. हजार विटांचा दर किती, विटा किती झाल्या, पावसाने किती मोडल्या, हे सर्व शेठच्या वहीत. हंगामाच्या शेवटी हिशेब होतो, तेव्हा बयाणा फिटलेला नसतो आणि उरलेली रक्कम पुढल्या वर्षाच्या नावे चढते.

गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये वारल्यांत गेल्या, त्या वेळी याच जिल्ह्याच्या उत्तर भागात लग्नासाठी कर्ज काढणारा वारली लग्नगडी म्हणून सावकाराकडे राबे. तेव्हाची वेठ लढ्याने मोडली. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आला. १९७० च्या भूमिमुक्ती आंदोलनात तुरुंगात गेलेल्या काळूराम धोदडे यांच्यासारख्या तरुण आदिवासींनी पालघरमध्ये भूमिसेना उभी केली. १९८२ मध्ये विवेक पंडित यांच्या पुढाकाराने वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना स्थापन झाली आणि वेठबिगारांची मुक्तता होऊ लागली. या सर्व इतिहासानंतर २०२१ मध्ये मोखाडा तालुक्यातील एका कातकरी मजुराने आत्महत्या केली. मुलाच्या अंत्यविधीसाठी घेतलेल्या पाचशे रुपयांपोटी त्याला राबवून घेतले जात होते, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती आणि वेठबिगार कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. रक्कम पाचशे रुपये. आदिवासी कुटुंबांना खावटीपोटी चार हजार रुपयांचे साहाय्य द्यावयाचे राज्य सरकारने २०२० मध्येच जाहीर केले होते!

स्थलांतर हा या भागाचा निसर्गदत्त भोग आहे, जमीन डोंगराळ, माती पातळ, त्याला इलाज नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या दोन तालुक्यांत वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याने हेवा करावा इतका. मार्चपासून मात्र पाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे वैतरणेवर शंभर मीटरहून उंच धरण उभे राहिले आणि २०१४ पासून तेथून रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देण्याची सोय झाली. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पात जव्हार तालुक्यातील खारगीहिल व मोखाड्यातील पिंजाळ येथे धरणे आखलेली आहेत, तीही मुंबईच्या तहानेसाठी. मुंबईकराला पाणी मिळू नये, असे कोणी म्हणणार नाही; गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून मृणाल गोरे यांनी दिलेली झुंज ज्या पक्षाच्या स्मरणात आहे, तो तर मुळीच म्हणणार नाही. परंतु पाणी उतारावरून मुंबईकडे जाते आणि त्याच्या मागोमाग माणसे मुंबईच्या वेशीवर विटा थापायला जातात, या दोन घटनांचा संबंध नाही असे मानणे हा शुद्ध भोळेपणा होईल. त्यातही फरक असा की पाण्याचा प्रत्येक दशलक्ष लिटर मोजला जातो. माणसांची मोजदाद नाही.

उलट जेथे पाणी अडले, तेथे माणसे थांबली. बाएफने जव्हारच्या परिसरात उभ्या केलेल्या आंबा-काजूच्या वाड्या आणि जव्हार-विक्रमगड पट्ट्यातील मोगऱ्याची शेती ही उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. दादरच्या फूलबाजारात येथला मोगरा जातो आणि तो पिकवणारी कुटुंबे घरी राहतात. शाश्वत विकास या जडजंबाल शब्दाचा जव्हारमधील अर्थ एवढाच: विहिरीला मेपर्यंत पाणी.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात बालकांचे मृत्यू झाले, तेव्हा सारे मंत्रिमंडळ खडबडून जागे झाले. २०१६ मध्ये मोखाड्यात पुन्हा तीच बातमी, पुन्हा तेच दौरे. अंगणवाडीच्या आहाराने थोडाफार सावरलेले मूल दिवाळीनंतर भट्टीवर जाते आणि जूनमध्ये परतते, तेव्हा मधल्या महिन्यांत त्याचे वजन कोणी केले, लस कोणी टोचली, याचा पत्ता नसे. महिला व बालविकास विभागाने गरोदर स्त्रिया, स्तनदा माता व बालके यांच्या स्थलांतराची नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था पालघरसह काही जिल्ह्यांत प्रथम चालवून पाहिली, नंतर ती राज्यभर नेली. ही चांगली गोष्ट झाली. परंतु मजूर म्हणून त्या कुटुंबाची नोंद कोण ठेवणार? मुलाचे वजन मोजायचे आणि बापाचा बयाणा मोजायचा नाही, अशी ही अर्धी जाग आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. शंभर दिवसांचे सव्वाशे केल्याचा गाजावाजा झाला. राज्यांवर खर्चाचा चाळीस टक्के वाटा टाकला गेला आणि पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला साठ दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची तरतूद झाली, याचा गाजावाजा झाला नाही. मोठ्या बागायतदाराला मजूर स्वस्तात मिळावा, हा तिचा उघड अर्थ. जव्हार-मोखाड्याला ती विशेष घातक आहे. येथील वरकस तुकड्यावरची कापणी थोड्या दिवसांत संपते आणि नेमक्या त्याच वेळी मुकादम पाड्यावर फिरत असतो. तेव्हा कामे बंद असली, तर मजुराला भट्टीवर पाठवण्याची व्यवस्था सरकारनेच केली असे होईल. बंदीच्या तारखा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. अनुसूचित क्षेत्रातील या तालुक्यांना दिवाळीनंतर एक दिवसही कामबंदी लागू करू नये, ही मागणी विधिमंडळात व रस्त्यावर ताबडतोब मांडली गेली पाहिजे.

दुसरी मागणी नोंदीची. गावातून मजूर नेणाऱ्याने प्रथम ग्रामसभेला कळवावे व ग्रामसभेने बाहेर जाणाऱ्यांची यादी ठेवावी, असे मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२२ च्या पेसा नियमांत घातले. महाराष्ट्रातही ग्रामसभेच्या वहीला तेच बळ द्यावे: कोण गेले, कोणत्या भट्टीवर, कोणत्या मुकादमामार्फत, बयाणा किती, विटांचा दर काय ठरला. अशी वही ठेवायला शिकलेले तरुण गावोगाव आहेत. मात्र तिला कायद्याचा पुरावा मानले गेले नाही, तर त्यांची मेहनत दप्तरातच राहील. आणि जबाबदारी मुकादमावर ढकलून शेठला मोकळे सोडता कामा नये. भट्टी ज्याची, मजुरीचे देणेही त्याचे.

राहिला प्रश्न पक्षाच्या कामाचा. जव्हार-मोखाड्यात पक्षाची ताकद मर्यादित आहे, पण भिवंडी, कल्याण, वसईत कार्यकर्ते आहेत, आणि मजूर सहा महिने तेथेच असतो. गावातील तरुणाने घाटावर लिहिलेली यादी घाटाखालच्या कार्यकर्त्याच्या हाती पडली, तर शिधापत्रिकेवरील धान्य त्याच गावच्या दुकानात मिळवून देणे, मुलांना जवळच्या शाळेत बसवणे, आजारी बाईला दवाखान्यात नेणे ही कामे उद्यापासून होऊ शकतात. विधायक संसदेने नव्वदीच्या दशकात भट्ट्यांवर भोंगा शाळा चालवून हे करता येते हे दाखवून दिलेच आहे. सर्वांत महत्त्वाचा दिवस हंगामाच्या शेवटचा. मे महिन्यात भट्टीवर हिशेब होतो, तेव्हा शेठची वही आणि ग्रामसभेची वही शेजारी शेजारी उघडली जावी, आणि ती वाचणारा एक माणूस मजुराच्या बाजूने तेथे बसलेला असावा. तालुका समित्यांनी आपापल्या हद्दीतील भट्ट्यांची यादी दिवाळीपूर्वी तयार करावयास घ्यावी.