आहेराची वही
आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो अजून लख्ख आहे. कागदावरची चांदी सहजी विटत नाही. आईच्या लग्नाचा रंगीत अल्बम मात्र, बटर पेपर लावूनही, तांबूस पडलाय. अशा जुन्या प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, मग हिरवा शालू विटकरी दिसतो आणि भटजींसकट सगळे उन्हात रापल्यासारखे. मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट लावायची कशावर? जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. माझ्या मते खरा दस्तऐवज ट्रंकेतच आहे: मोत्यांच्या मुंडावळ्या, कुंकवाचे डाग पडलेली अष्टपुत्री आणि मुख्य म्हणजे आहेराची वही. कोणी स्टीलचं पातेलं दिलं, कोणी रोख पाच रुपये, सगळं नावानिशी. फोटोत न आलेली माणसं तिथे बरोब्बर सापडतात, आणि कोणाचा आहेर परतवायचा राहिला तेही.