कुपीवरील टक्केवारी आणि कुपीतील प्रथिन

आरएनए-बंधक प्रथिने म्हणजे आरएनएच्या रेणूंना चिकटून त्यांची कापणी-जोडणी, पेशीतील वाहतूक, आयुष्य आणि त्यांच्या संदेशावरून होणारी प्रथिननिर्मिती यांवर ताबा ठेवणारी प्रथिने. उंदराच्या पेशीतील अशा एखाद्या प्रथिनाचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घालायचे, जिवाणूकडून ते प्रथिन मोठ्या प्रमाणात घडवून घ्यायचे आणि शुद्ध करून कुपीत भरायचे, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की ‘पुनःसंयोजित’ या नावाने मिळणाऱ्या त्या कुपीबद्दल प्रश्न विचारण्याची सवयच मोडत चालली आहे. कुपीसोबतच्या कागदावर ‘शुद्धता ९० टक्क्यांहून अधिक’ असे लिहिलेले असते, खाली जेलवरच्या एकुलत्या निळ्या पट्ट्याचे छायाचित्र असते आणि ‘केवळ संशोधनासाठी’ अशी सूचना असते. या संपादकीयाचा रोख त्या निळ्या पट्ट्याकडे आहे, कारण जेल रंगवण्यासाठी वापरला जाणारा कूमासी हा रंग प्रथिनाला चिकटतो. आरएनए आणि जिवाणूचे अंतर्विष, म्हणजे या प्रकारच्या प्रथिनात सर्वाधिक घोळ घालणाऱ्या दोन्ही भेसळी, त्याच्या नजरेबाहेर राहतात.

हा प्रश्न किती खोल आहे हे एका प्रथिनाच्या उदाहरणावरून चांगले कळते. १९९७ साली क्योटो येथील जुन फुजिता यांच्या गटाने उंदराच्या वृषणातून एक जनुक वेगळे केले, ज्याचे प्रथिन पेशींचे तापमान ३७ अंशांवरून ३२ अंशांवर उतरवले की वाढते आणि पेशींच्या वाढीचा वेग कमी करते. सीआयआरपी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हे शीतप्रेरित आरएनए-बंधक प्रथिन केवळ १७२ अमिनो आम्लांचे आहे. त्याच्या आरंभीच्या अर्ध्या भागात आरएनए ओळखणारी, निश्चित घडी असलेली जागा आहे, तर उरलेल्या भागात ग्लायसीन आणि आर्जिनिन यांची रेलचेल असून त्या भागाला ठरावीक आकार नाही. आर्जिनिनवर धनभार असतो, त्यामुळे हे प्रथिन एकंदरीने धनभारित ठरते. जिवाणूची पेशी फोडली की त्या रसात ऋणभारित अशा दोन गोष्टी विपुल असतात: जिवाणूचा स्वतःचा आरएनए आणि त्याच्या बाह्यपटलातील लिपोपॉलीसॅकराइड, ज्याला अंतर्विष म्हणतात. ज्या गुणधर्मामुळे प्रथिन अभ्यासण्याजोगे ठरते, त्याच गुणधर्मामुळे ते जिवाणूतून बाहेर पडताना या दोन्ही गोष्टी अंगाला चिकटवून घेते, आणि निकेलच्या स्तंभावर हिस्टिडीनच्या शेपटीने पकडून केलेल्या साध्या शुद्धीकरणात त्या प्रथिनासोबतच खाली उतरतात.

आरएनएची भेसळ ओळखणे अवघड नाही, आणि म्हणूनच ती न ओळखणे अक्षम्य आहे. अतिनील प्रकाशाचे शोषण २६० आणि २८० नॅनोमीटरला मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, तर निव्वळ प्रथिनासाठी ते ०.६ च्या आसपास येते. वारबुर्ग आणि क्रिस्टियन यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या कोष्टकानुसार नमुन्यात अवघे ५ टक्के न्यूक्लिक आम्ल असले तरी हे गुणोत्तर १ च्या पुढे जाते. ज्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन नसते किंवा फार थोडे असते, त्यांचे २८० नॅनोमीटरचे शोषण मुळातच क्षीण असते आणि त्यांना हे कोष्टक जसेच्या तसे लावता येत नाही. तिथे शोषणाचा संपूर्ण आलेख काढून शिखर २६० कडे सरकले आहे का हे पाहावे लागते. जिवाणूच्या आरएनएने आधीच व्यापलेल्या प्रथिनाला चाचणीतला आरएनए दिला, तर बंधन दुबळे दिसते आणि संशोधक त्याचे खापर आरएनएच्या क्रमावर फोडतो. १ मोलर किंवा त्याहून अधिक मिठाच्या द्रावणाने स्तंभ धुणे, पॉलीएथिलीनइमाइनने न्यूक्लिक आम्ल खाली बसवणे, नंतर हेपारिनच्या स्तंभावरून प्रथिन पुन्हा नेणे, हे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. आरएनेझ ए हे विकर टाकून आरएनए पचवण्याचा आडमार्ग मात्र टाळलेला बरा, कारण ते विकर उकळल्यानंतरही पुन्हा घडी घालून कामाला लागते आणि त्याचा अंश प्रथिनासोबत राहिला, तर पुढच्या प्रत्येक प्रयोगात तपासायचा आरएनएच नाहीसा होतो.

अंतर्विषाचे प्रकरण याहून गंभीर आहे आणि त्यासाठी सीआयआरपीकडेच परत यावे लागते. २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातील फाइनस्टाइन संस्थेच्या पिंग वांग यांच्या गटाने ‘नेचर मेडिसिन’मध्ये दाखवून दिले की तीव्र रक्तस्राव आणि जंतुदोष या अवस्थांत हे प्रथिन पेशीबाहेर पडते, मॅक्रोफेज या भक्षक पेशींना उद्दीपित करते आणि दाह वाढवते, त्यासाठी ते पेशीपृष्ठावरील टीएलआर-४ आणि एमडी-२ यांच्या जोडग्राहीला बांधले जाते. या कामात उंदराचे पुनःसंयोजित सीआयआरपी वापरले गेले. आता हाच जोडग्राही जिवाणूचे अंतर्विष ओळखणारा शरीराचा मुख्य संवेदक आहे, आणि प्रथिन घडवणारा ई. कोलाय हा त्या अंतर्विषाचा मूळ मालक. म्हणजे ज्या प्रथिनाची क्रिया तपासायची आणि जी भेसळ वगळायची, त्या दोहोंचे दार एकच आहे, आणि कुपीतील द्रव टाकल्यावर मॅक्रोफेजने टीएनएफ-अल्फा हे दाहकारक प्रथिन सोडले, एवढ्यावरून ते कोणामुळे सुटले हे सांगता येत नाही.

या ठिकाणी थोडे गणित उपयोगी पडेल. अंतर्विषाचे १ एकक म्हणजे साधारण ०.१ नॅनोग्रॅम लिपोपॉलीसॅकराइड. प्रथिनाच्या प्रत्येक मायक्रोग्रॅममागे १० एकके भेसळ असेल आणि पेशींना प्रति मिलिलिटर १ मायक्रोग्रॅम प्रथिन दिले, तर त्यासोबत प्रति मिलिलिटर १ नॅनोग्रॅम अंतर्विष जाते, आणि मॅक्रोफेज त्याहून कमी मात्रेलाही प्रतिसाद देतात. वजनाच्या हिशेबात ही भेसळ ०.१ टक्का भरते. कागदावरची शुद्धता ९० वरून ९९ टक्क्यांवर गेली, तरी या ०.१ टक्क्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

नेहमीची नियंत्रणेही इथे विचारपूर्वक निवडावी लागतात. १९९८ साली सी३एच/एचईजे या वाणाच्या उंदरांत टीएलआर-४ चे जनुक बिघडलेले असल्याचे उघड झाले आणि तेव्हापासून अंतर्विषाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी या उंदरांच्या पेशी वापरण्याचा प्रघात पडला. परंतु तपासायच्या प्रथिनाचा ग्राहीच टीएलआर-४ असेल, तर त्या पेशी दोघांनाही सारख्याच बधिर असतात आणि हे नियंत्रण निरुपयोगी ठरते. त्याऐवजी अंतर्विषाला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन बी घालून परिणाम टिकतो का हे पाहावे, प्रथिन उकळून किंवा प्रोटीनेझने पचवून परिणाम जातो का हे पाहावे, कारण लिपोपॉलीसॅकराइड उकळल्याने नष्ट होत नाही. बाह्यपटलातील लिपिडाची घडण बदललेले ई. कोलायचे वाणही आता उपलब्ध आहे, ज्यात पूर्ण लिपोपॉलीसॅकराइडऐवजी लिपिड-४ए हा अपुरा रेणू तयार होतो. तो माणसाच्या ग्राहीला चेतवत नाही, मात्र उंदराच्या ग्राहीला काही प्रमाणात चेतवतो, त्यामुळे उंदराच्या पेशींवर काम करणाऱ्याने त्या वाणातील प्रथिनही निर्धोक मानू नये. अंतर्विष मोजण्याची प्रचलित एलएएल चाचणी समुद्री नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर आधारलेली आहे, आणि धनभारित प्रथिन अंतर्विषाला झाकून टाकत असल्याने ती अशा नमुन्यात फसवा कमी आकडा देऊ शकते. म्हणून नमुन्यात ज्ञात प्रमाणात अंतर्विष मुद्दाम मिसळून त्यातले ५० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेत परत मोजले जाते की नाही, ही पडताळणी केल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. फाइनस्टाइनच्या गटाने अंतर्विष मोजण्याची दक्षता घेतली होती, पण त्या निष्कर्षाचे खरे बळ अन्यत्र आहे: सीआयआरपीचे जनुक नसलेले उंदीर रक्तस्रावाच्या आघातातून अधिक प्रमाणात वाचले आणि या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने दाह घटला, या दोन पुराव्यांचा कुपीतील शुद्धतेशी संबंधच येत नाही. पुनःसंयोजित प्रथिनाचा प्रयोग असा दुसऱ्या बाजूने तोलून धरणे हीच उत्तम रीत होय.

जिवाणूने जास्तीचे काय दिले याप्रमाणेच काय दिले नाही, हेही विचारात घ्यावे लागते. उंदराच्या पेशीत या प्रथिनांच्या आर्जिनिनवर मिथाइल गट बसतात, सेरीनवर फॉस्फेट बसतो आणि त्यानुसार प्रथिन केंद्रकात राहते की बाहेर येते, आरएनएला घट्ट धरते की सैल, हे ठरते. जिवाणूत ही सजावट होत नाही. त्याहून सूक्ष्म बाब प्रथिनाच्या ऑक्सिडीकरणाची आहे, आणि तिचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील वासुदेवन शेषाद्री यांचा गट ग्लुकोज वाढल्यावर स्वादुपिंडातील बीटा पेशी संदेशवाहक आरएनएचे प्रमाण न बदलताही इन्सुलिनची निर्मिती कशी वाढवतात, याचा शोध घेत होता. २०११ साली या गटाने दाखवले की पीएबीपी हे आरएनए-बंधक प्रथिन इन्सुलिनच्या संदेशाच्या आरंभीच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागाला बांधले जाते आणि हे बंधन पीडीआय या दुसऱ्या प्रथिनावर अवलंबून असते, जे पीएबीपीतील गंधकाचा दुवा क्षपणाने तोडते. प्रथिन तेच, अमिनो आम्लांचा क्रम तोच, पण गंधकाचा दुवा जुळलेला की तुटलेला यावर आरएनए धरला जाणार की नाही हे ठरते. असे असताना बफरमध्ये डायथायोथ्राइटॉल हे क्षपणकारक होते का, किती होते आणि कुपी उघडून किती आठवडे झाले होते, हे टिपून न ठेवणाऱ्या प्रयोगवहीला पूर्ण म्हणता येणार नाही.

कार्यक्षम अंशाबद्दल थोडक्यात सांगता येईल. कुपीतील प्रथिनाचा फक्त पाचवा हिस्सा योग्य घडीत असेल, तर मोजलेले बंधन खऱ्यापेक्षा पाचपट दुबळे दिसते. बंधनस्थिरांकाच्या कितीतरी पट अधिक आरएनए घेऊन त्यात प्रथिन थोडेथोडे वाढवत नेले, की कोणत्या बिंदूला आरएनए संपृक्त होतो यावरून हा अंश काढता येतो; एका दिवसाचे हे काम टाळून प्रसिद्ध केलेले स्थिरांक दोन प्रयोगशाळांत जुळत नाहीत, यात नवल नाही.

या साऱ्याचा छत्रपती संभाजीनगरशी संबंध दूरचा नाही. पुनःसंयोजित प्रथिन घडवून शुद्ध करण्याचे कौशल्य या शहराला परके नाही: वोक्हार्ट कंपनीने २००३ साली बाजारात आणलेले वोसुलिन हे पुनःसंयोजित मानवी इन्सुलिन येथील जैवतंत्रज्ञान प्रकल्पाशी जोडलेले आहे, आणि ते ई. कोलायऐवजी हॅन्सेन्युला पॉलीमॉर्फा या किण्वात घडवले गेले, ज्याच्या पेशीत लिपोपॉलीसॅकराइड मुळातच नसते. औषध म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रथिनाला औषधकोशाने ठरवलेल्या अंतर्विषाच्या आणि अन्य कसोट्यांतून जावे लागते. ‘केवळ संशोधनासाठी’ असलेल्या कुपीवर असे बंधन नाही, त्यामुळे कसोटी लावण्याची जबाबदारी कुपी उघडणाऱ्यावर येते. शहराच्या उस्मानपुऱ्यात १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्याच वर्षी सुरू झालेले देवगिरी महाविद्यालय तिथेच स्टेशन रोडवर आहे आणि १९५८ पासूनचे विद्यापीठ याच शहरात आहे. प्रत्येक विभागाने महागडी कुपी स्वतंत्रपणे मागवून ती तशीच वापरण्यापेक्षा या परिसरात एक सामाईक तपासणी कक्ष उभा राहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. त्याला अतिनील वर्णपटमापी, एलएएल चाचणीसाठी तापमान राखणारा प्लेट वाचक आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ एवढे पुरेल. त्याच्या जोडीने प्रथिन स्वतःच घडवण्याची व्यवस्थाही जमू शकते. जनुक वाहणारा जिवाणू हाताळण्यासाठी १९८९ च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, आणि ती कागदोपत्री न ठेवता खरोखर बैठका घेणारी असायला हवी.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा विचारही यात आलाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि शुष्क बर्फात निघालेला डबा दोन दिवस उशिरा पोहोचला तर आत बर्फ उरलेला नसतो, पण कुपी मात्र बाहेरून तशीच दिसते. डबा उघडताना उरलेल्या शुष्क बर्फाचे वजन नोंदवणे, प्रथिन लगेच लहान हिश्शांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवणे, एकदा वितळलेला हिस्सा पुन्हा न गोठवणे आणि वीज गेल्यावर शीतकपाटाचे तापमान कुठवर चढले याची नोंद ठेवणारे यंत्र बसवणे, ही कामे संशोधन मार्गदर्शकाने विद्यार्थ्यावर न सोपवता स्वतः लक्ष घालून करून घ्यावीत. प्रबंधाच्या कार्यपद्धती प्रकरणात प्रथिनाचा पुरवठादार आणि क्रमांक याखेरीज ते कोणत्या जीवात घडवले, शेपटी कोणती होती व ती कापली का, २६० आणि २८० चे गुणोत्तर किती, अंतर्विष प्रति मायक्रोग्रॅम किती एकके, बफरमध्ये क्षपणकारक कोणते आणि कार्यक्षम अंश किती, या सहा गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर परीक्षकांनी प्रबंध त्या एका कारणासाठी परत पाठवावा.