झाड पाहावे, तुडवू नये

उत्तर कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानात भटक्यांसाठी पायवाटा आहेत, सायकलवाटा आहेत, तंबूच्या जागा आहेत, समुद्रकिनाराही आहे. तरीही २००६ साली सापडलेल्या, सुमारे ११६ मीटर उंचीच्या ‘हायपेरियन’ वृक्षाकडे लोक रान तुडवीत जात राहिले. रेडवुडची मुळे उथळ असतात. पावलांखाली माती दबते, नेचे मरतात. अखेर २०२२ मध्ये तो परिसर बंद झाला. लोकांचे जंगल लोकांनाच बंद का, असा सवाल कोणी करील. मला मात्र ही बंदी रास्त वाटते. ‘ग्रोव्ह ऑफ टायटन्स’मध्ये जमिनीवर उचललेला मार्ग बांधून महावृक्ष सर्वांना खुले केलेच आहेत. उच्चांकाला हात लावून येणे म्हणजे जंगल पाहणे नव्हे. मान वर करायला लावण्याइतके उंच तर तिथले कुठलेही झाड आहे!