मावळ्याच्या पायांवरची धूळ

गेल्या दिवाळीत कडगंचीस जाणे झाले. कलबुरगीहून आळंदच्या वाटेवर असलेले हे गाव आपल्या शहरातील जुन्या घराण्यांस नवे नाही. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव याच गावचे, आणि गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेले हे गाव 1956 साली म्हैसूर राज्यात गेले. सीमा बदलल्या, शाळेची भाषा बदलली. पण आमच्या थोरल्या घराच्या अंगणात दिवाळीचा मातीचा किल्ला व्हावयाचा राहिला नाही.

या वर्षी मात्र त्या किल्ल्यावरून घरात चांगलाच वाद झाला. किल्ल्यावरची चित्रे सोलापूरच्या बाजारातून आणलेली होती: गुलाबी गालांचे, चकचकीत अंगरख्यांचे मावळे. माझ्या पुतण्याच्या मुलाने ती समोर मांडली आणि काजळीचे पाणी करून त्यांवर फासू लागला. आमचे अण्णा संतापले. "अरे, सणासुदीला नवी कोरी चित्रे मळवतोस?" मुलगा शांतपणे म्हणाला, "मळवत नाही, आजोबा. हा मावळा रायगडाहून भागानगरपर्यंत आलाय. पाय स्वच्छ कसे राहतील?"

मी त्याच्या शेजारी बैठक मारली. प्रथम तो सगळी चकाकी बोथट करी. गेरू आणि पिवळी माती यांचा हलका हात देई. मग काजळी व तपकिरी रंग पुष्कळ पाण्यात कालवून चित्रावर सोडी. ते पाणी आपोआप अंगरख्याच्या चुण्यांत, पागोट्याच्या वळ्यांत, ढालीच्या कडेखाली उतरे आणि तेथेच वाळे. वाळल्यावर कुंचल्यावरचा रंग फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून, कोरड्या केसांनी तो नाक, गुडघा, तलवारीची मूठ एवढीच उंच ठिकाणे उजळी. शेवटी पायांवर परसातली बारीक चाळलेली काळी माती. सह्याद्रीतला मावळा तांबडी धूळ घेऊन निघाला असेल. पण आमच्या भागात पोहोचेपर्यंत ती काळी झालीच असणार, हा त्याचा हिशेब मला फार आवडला.

अण्णा सहजासहजी हार मानणारे नव्हेत. त्यांनी सभासदाची साक्ष काढली. 1677 साली महाराज कुतुबशहाच्या भेटीस भागानगरात आले, तेव्हा बादशहाने शहर शृंगारले म्हणून महाराजांनीही आपले लष्कर जरीने सजविले, असे सभासदाच्या बखरीत आहे. "मग तुझा हा भिकारडा मावळा कोणत्या वेशीतून आत गेला?" या प्रश्नावर मुलगा क्षणभर गप्प झाला. पुरावा खराच होता, आणि बखर महाराजांच्याच पदरी राहिलेल्या माणसाने लिहिलेली. पण मला वाटते, त्या बखरीतच मुलाचेही उत्तर आहे. लष्कर सजवावे लागले ते वाटेने मळले होते म्हणूनच. जरी आदल्या दिवशी चढली. उन्हाने रापलेले तोंड मात्र तेच राहिले. भागानगरच्या रस्त्यांवर लोटलेल्या गर्दीने जरीखालचा तो रापलेला चेहराही पाहिला असेल. आपल्या चित्रांत तो चेहराच हरवतो. गुलाबी गालांचा मावळा कधी भुकेला नव्हता, कधी थकला नव्हता; मग त्याच्या पराक्रमाचे मोल ते काय?

या बाबतीत माझे मत बनण्यास आणखी एक कारण घडले आहे, आणि ते सांगताना मला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी पितळेचा घोड्यावरचा खंडोबा विकत घेतला. दोनशे वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितला होता. अंगावर हिरवट कळा होती, ती पाहून मी भुललो. पुढे एका जाणत्या तांबटाने मूर्ती हातात घेतली आणि हसून म्हणाला, "नवसागर लावलाय, साहेब." घरी येऊन देव्हाऱ्यातल्या टाकांशेजारी तो खंडोबा ठेवला, तेव्हा फरक डोळ्यांस दिसला. आमच्या टाकांची नाके आणि गुडघे चार पिढ्यांच्या बोटांनी झिजून गुळगुळीत आणि उजळ झालेले. जुने कुंकू आणि चंदन खोबणींत रुतून काळे पडलेले. त्या खंडोबाचा मात्र उंचसखल सगळा भाग सारखाच हिरवा. त्याला कोणी कधी हात जोडले नव्हते, कोणी न्हाऊ घातले नव्हते.

नवसागर बिचारा दोषी नाही. बिदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यात चांदीची तार नि पत्रा ठोकतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासह पाण्यात उकळून भांड्याला लावतात. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच राहते. हे काळेपण वयाचे सोंग नव्हे. चांदी उठून दिसावी म्हणून केलेली ती पार्श्वभूमी आहे. द्रव्य तेच, हेतू निराळा. एकाने काळे करून सौंदर्य दाखविले, दुसऱ्याने हिरवे करून माझा खिसा कापला.

म्हणून माझे म्हणणे असे: जुनेपण रंगविणे हे पाप नाही, ते वय म्हणून विकणे हे पाप आहे. शंभर वर्षांवरील मूर्ती आपल्याकडे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि तिच्या व्यापारास परवाना लागतो. पण कायदा सगळ्या दुकानांत डोकावू शकत नाही. ते काम खरे जुने ज्यांच्या घरात आहे त्यांनी करावयाचे आहे. आपल्या देव्हाऱ्यातला टाक कोठे झिजला आहे, हे ज्या मुलाने कधी बोट फिरवून पाहिले आहे, त्याला बाजारातला खोटा खंडोबा फसवू शकणार नाही. आणि मावळा रंगविताना कुंचला कोठे टेकवावा, हेही त्याला कोणी शिकवावे लागणार नाही. आपण मात्र टाक उजळावयास देतो, गावातल्या पाषाणमूर्तींना तैलरंग फासतो, आणि मग जुनेपणाची हौस दुकानात जाऊन भागवितो.

कडगंचीच्या मुलाने एक गोष्ट मी न सांगताच केली. प्रत्येक चित्राच्या तळाशी त्याने पक्क्या शाईने साल लिहिले. विचारले तर म्हणाला, "पुढे कोणाला खरेच जुने वाटायला नको."

अण्णांची समजूत अजून पुरती पटलेली नाही. सिंहासनावरच्या महाराजांना त्यांनी काजळीचे बोट लावू दिले नाही, आणि त्यात मला गैरही वाटत नाही. मात्र भाऊबिजेच्या संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लागल्या, तेव्हा ते चष्मा लावून बराच वेळ खाली वाकून वेशीवरच्या पहारेकऱ्याचे पाय पाहत होते.